'यहुदी की लडकी' : नाव एक, लेकी वेगळ्या

'यहुदी' म्हटले की आपल्या वयाच्या वाचकांना बिमल रॉय यांचा १९५८चा चित्रपट आठवतो. दिलीपकुमार, मीनाकुमारी, सोहराब मोदी आणि शंकर-जयकिशनचे संगीत. पण चार जुनी माणसे बसली की घोटाळा होतो. कोणी सैगलचे नाव घेतो, कोणी मधुबालेचे. दोघांचेही खरे असते. १९३३च्या न्यू थिएटर्सच्या 'यहुदी की लडकी'त सैगल होते, १९५७च्या त्याच नावाच्या चित्रपटात मधुबाला. सैगलचा आणि बिमल रॉय यांचा चित्रपट निघाला तो आगा हश्र काश्मिरी यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकातून. त्याचेही नाव तेच. आणि या घराण्याची पणजी फ्रान्समधली : पॅरिसला १८३५ साली रंगमंचावर आलेला हालेवी यांचा 'ला ज्युईव्ह', म्हणजे 'यहुदी स्त्री', हा ऑपेरा. हालेवी स्वतः यहुदी होते.

नावे सारखी म्हणून कथा सारखी समजू नये. सांगाडा मात्र एक. यहुदी बाप परक्या घरची मुलगी आपली म्हणून वाढवतो. तिच्यावर प्रेम करणारा तरुण यहुदी असल्याचे सोंग करतो. शेवटी बापलेकीला मरणाची शिक्षा होते. म्हणजे ज्या 'यहुदी की लडकी'चे नाव पाटीवर आहे, ती जन्माने यहुदी नाहीच!

फरक शेवटात आहे. ऑपेरात बाप एलाझार राहेलला विचारतो, धर्म सोडून जीव वाचवतेस का? ती नाही म्हणते आणि उकळत्या कढईत जाते. त्यानंतर तो कार्डिनलला सांगतो की ती तुझीच मुलगी. 'यहुदी'त एझ्रा हे गुपित वेळेवर फोडतो आणि हान्ना वाचते. सोहराब मोदींचा आवाज तिथे अंगावर काटा आणतो, हे आम्ही मान्य करतो. तरी हा शेवट आम्हाला खटकतो. हान्ना वाचते ती रोमन रक्तामुळे. खरोखर एझ्राची असती तर? राहेलला तिची निवड वाचवत नाही, पण ती तिची असते. आमच्या मते पणजी नातीहून धीट आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. १९६२ साली इथे मुख्य रब्बीनेटने लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांची आईकडची वंशावळ तपासण्याचे फर्मान काढले. कोकणात तेल गाळत शब्बाथ पाळणाऱ्या, शनवार तेली म्हणवल्या गेलेल्या लोकांना विचारले गेले, तुम्ही कोणाच्या लेकी? १९६४मध्ये आपली माणसे यरुशलेमला धरणे धरून बसली, क्नेसेटमध्ये चर्चा झाली, तेव्हा ते मागे घेतले गेले. पडद्यावर हान्नाचे गुपित फुटते तेव्हा ते दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आणखी एक उलटापालट. यहुदी बापलेकीची कामे केली सोहराब मोदी आणि मीनाकुमारी यांनी. खऱ्या यहुदी लेकी मात्र दुसऱ्या नावांनी झळकत होत्या : रुबी मायर्सची सुलोचना, एस्थर अब्राहमची प्रमिला, फ्लोरेन्स इझिकेलची नादिरा. या तिघी बगदादी घराण्यांतल्या. आपल्या डेव्हिड अब्राहम चेऊलकरांनी मात्र 'डेव्हिड' हे नाव पाटीवर तसेच ठेवले.

म्हणून नातवंडांना चित्रपट दाखवताना नावाबरोबर सालही सांगावे, आणि शेवट झाल्यावर त्यांना विचारावे : हान्ना कोणाची मुलगी?