'नाउसिका' : चित्रकथा आणि चित्रपट

एखादी साहित्यकृती आणि तिच्यावरून बेतलेला चित्रपट यांची तुलना करू लागले म्हणजे समीक्षक बहुधा एकच प्रश्न हाती घेतो : रूपांतर मुळाशी कितपत प्रामाणिक राहिले? हा प्रश्न सर्वस्वी निरर्थक आहे असे नव्हे. परंतु त्याच्या बुडाशी एक गृहीत आहे. मूळ कृती आधी पूर्णत्वास गेलेली असते आणि रूपांतर तिच्या मागून येते, हे ते गृहीत होय. नाटकाच्या किंवा कादंबरीच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते. जपानी चित्रकथेच्या बाबतीत मात्र ते पुष्कळदा खोटे ठरते, आणि ते खोटे ठरताच तुलनेची सारी मांडणीच बदलावी लागते. हायाओ मियाझाकी यांची 'नाउसिका' ही कृती या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

जपानात मांगा म्हणून ओळखली जाणारी चित्रकथा प्रथम नियतकालिकातून प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होते व मागाहून तिचे खंड निघतात. तिला वाचकप्रियता लाभली तर तिच्यावरून ॲनिमे, म्हणजे रेखाटनांतून साकारणारा चित्रपट किंवा दूरचित्रवाणी-मालिका, तयार होते. क्रमशः लेखनाचे गुणदोष मराठी वाचकाला नवे नाहीत. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून अशाच अंकाअंकांनी वाचकांच्या हाती पडत, आणि त्यांच्या रचनेतील ऐसपैसपणाचे मूळ त्या प्रकाशनपद्धतीत शोधावे लागते. फरक इतकाच की, आपट्यांची कादंबरी अर्धी झाली असता तिचे रूपांतर करून कोणी तिचा शेवट आधीच ठरवून टाकीत नसे.

'नाउसिका'च्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि घडविणारा खुद्द लेखकच होता. मूळ मांगा नसलेल्या कथेवर चित्रपट काढण्यास पैसा मिळेना, म्हणून मियाझाकींनी तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेच्या 'अनिमेज' मासिकात १९८२च्या फेब्रुवारी अंकापासून ही चित्रकथा सुरू केली. तिचा दोन खंडांच्या आसपास मजकूर झाला असेल नसेल, तोच त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केलेला चित्रपट ११ मार्च १९८४ रोजी प्रदर्शित झाला. चित्रकथा मात्र मध्ये अनेकदा खंड पडत पडत १९९४च्या मार्च अंकापर्यंत चालली. तिचे सात खंड झाले, पाने हजारावर गेली. म्हणजे जो चित्रपट रूपांतर म्हणून ओळखला जातो तो तथाकथित मुळाच्या समाप्तीहून दहा वर्षांनी जुना आहे. आता मूळ कोणते आणि रूपांतर कोणते?

कथेचा पाया दोन्हीकडे समान आहे. यंत्रसंस्कृतीचा विध्वंस करणाऱ्या एका महायुद्धाला हजार वर्षे लोटली आहेत. पृथ्वीचा मोठा भाग विषारी बुरशींच्या अरण्याने व्यापला आहे, त्यात ओमु नावाचे प्रचंड कीटक वावरतात, आणि उरलेली मानवी राज्ये एकमेकांशी झगडत आहेत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे विषापासून बचावलेल्या एका चिमुकल्या दरीची राजकन्या म्हणजे नाउसिका. तिचे नाव होमरच्या 'ओडिसी'तून आले आहे. आणि किड्यांवर जीव लावणाऱ्या मुलीची जी जुनी जपानी कथा आहे, तिचीही छाया तिच्या स्वभावावर पडली आहे. अरण्याच्या तळाशी उतरल्यावर तिला आढळते की, तेथील हवा आणि पाणी स्वच्छ आहे. ज्याला सारे शाप समजतात ते अरण्य जमिनीतील विष शोषून घेऊन पृथ्वीला शुद्ध करीत आहे. हा शोध चित्रपटात मध्यभागी येतो आणि त्यानंतर सर्व कथा त्याच्याच आधारे चालते. शेवटी खवळलेल्या ओमुंच्या लोंढ्यापुढे नाउसिका उभी राहते, त्यांच्या धडकेने मरते, आणि त्याच कीटकांच्या सुवर्णतंतूंच्या स्पर्शाने पुन्हा जिवंत होते. निळ्या वस्त्रातील उद्धारकर्त्याची भविष्यवाणी खरी ठरते. या अखेरीला धर्मचित्राचे रूप आल्याबद्दलचे आपले असमाधान मियाझाकींनी स्वतः बोलून दाखविले आहे.

चित्रकथेतही ओमुंचा लोंढा थांबतो, पण मरण नाही आणि पुनरुत्थानही नाही. तो प्रसंग अखेरचाही नाही. युद्ध पुढे चालूच राहते. नवे राष्ट्र, नवे अस्त्र, नवी दुष्काळग्रस्त प्रजा पुढे येते, आणि नाउसिका शुवा या पवित्र नगरीतील प्राचीन समाधिमंदिरापर्यंत पोहोचते. तेथे तिला कळते की, शुद्धीकरण करणारे अरण्य निसर्गनिर्मित नाही. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी ते योजून निर्माण केले होते. इतकेच नव्हे, तर आजची माणसेही त्यांनीच बदलून ठेवली आहेत : विषाने किंचित दूषित झालेल्या हवेतच ती जगू शकतात. अरण्याचे कार्य पूर्ण होऊन हवा निर्मळ झाली की त्यांच्या फुफ्फुसांतून रक्त येईल व ती मरतील. त्या दिवसासाठी मंदिरात सौम्य, शांत वृत्तीच्या नव्या मानवाचे बीज जपून ठेवलेले आहे. नाउसिका ते मंदिर उद्ध्वस्त करविते. ते काम ती ज्या महायोद्ध्याकरवी करविते तो तिला आई म्हणतो, आणि त्याच्या विषारी प्रभावाने तिचा लाडका लहानगा प्राणीही मरतो. बाहेर आल्यावर लोकांना ती सत्य सांगत नाही.

या दोन शेवटांमधील नाते विस्ताराचे नसून विरोधाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चित्रपटाने जे दिलासा म्हणून दिले तेच चित्रकथेने संशयास्पद ठरविले. निसर्ग आपणहून सारे सुधारील, ही श्रद्धा चित्रपटाचा कणा आहे. चित्रकथेत ती श्रद्धाच एका मृत राज्यकर्त्या पिढीची योजना निघते. या बारा वर्षांत सोव्हिएट संघ विसर्जित झाला, युगोस्लाव्हियात यादवी माजली. शुद्ध समाजाच्या कल्पनेकडे पाहण्याची लेखकाची दृष्टी बदलली असल्यास नवल नाही. तेव्हा पुढील पाच खंडांकडे मूळ म्हणून न पाहता लेखकाने स्वतःच्याच चित्रपटाला दिलेले उत्तर म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल. शुद्धतेचा मोह नाकारणारी ही नायिका चित्रपटातील नाउसिकेहून मोठी आहे, आणि अधिक भयप्रदही आहे.

कुशाना या व्यक्तिरेखेच्या बाबतीत मात्र निव्वळ हानी झाली आहे. चित्रपटात ती आक्रमक राष्ट्राची सेनानी असून कीटकांनी तिचा हात तोडलेला आहे. धातूचा हात दाखविला की तिच्या द्वेषाचे कारण संपले! चित्रकथेत असला हात नाही. तेथे कटकारस्थानी राजघराणे आहे, भाऊ आहेत, आणि मुलीसाठी आणलेले विष स्वतः पिऊन भ्रमिष्ट झालेली आई आहे. पाच-सहा खंडांतून हळूहळू उलगडणारी ही स्त्री आपल्या सैनिकांच्या प्रेतांजवळ जशी दिसते तशी चित्रपटात कोठेही दिसत नाही.

असे असले तरी चित्रपटाला उणे लेखणे अन्यायाचे होईल. मियाझाकींच्या चित्रकथेची पाने दाट आहेत. लहान लहान चौकटींत तपशील इतका भरलेला असतो की, दृष्टी अडखळत चालते. पाहण्याचा वेग वाचकाच्या हाती असतो, तो थांबू शकतो, मागे वळू शकतो. पण उड्डाण मात्र त्याला अनुभवता येत नाही, केवळ समजते. चित्रपटात नाउसिकेचे पांढरे वायुयान वाऱ्यावर झुकते तेव्हा तो झोक प्रेक्षकाच्या शरीरात उतरतो. आरंभी ती ओमुच्या टाकून दिलेल्या कवचाखाली पडून बीजकणांचा वर्षाव पाहते. पानावर हा प्रसंग सुंदर आहे. पडद्यावर त्याला कालावधी लाभतो, आणि तो कालावधीच त्याचा आशय आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीच्या संदर्भात संवाद, विरोध व समतोल यांची जी चर्चा केली आहे ती येथे कामी येते : एकच आशय दोन माध्यमांत घातला असे म्हणणे मुळातच चुकीचे आहे, कारण लय बदलताच आशयही तोच राहत नाही.

कात्सुहिरो ओतोमो यांची 'अकिरा' येथे तुलनेसाठी घ्यावी. १९८२ ते १९९० या काळात 'यंग मॅगझिन'मध्ये आलेल्या या चित्रकथेची पाने दोन हजारांहून अधिक आहेत. ओतोमो यांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट १९८८चा, म्हणजे हाही समाप्तीपूर्वीचा. वेगवान मोटारसायकलींच्या मागील दिव्यांचे अंधारात ओघळणारे तांबडे पट्टे हा चित्रपटाचा असा विशेष आहे की ज्याला पानावर जोड नाही. परंतु चित्रकथेत नगराचा विध्वंस सहा खंडांपैकी तिसऱ्याच्या अखेरीस होतो आणि उरलेली निम्मी कथा ढिगाऱ्यांत जगणाऱ्या माणसांची आहे. चित्रपटाने विध्वंस शेवटाला नेला. चित्रकथेतील अकिरा जिवंत, जवळजवळ मूक बालक आहे. चित्रपटात काचपात्रांत जतन केलेले त्याचे अवशेषच तेवढे सापडतात. विध्वंस नेत्रदीपक झाला, पण त्याचे परिणाम भोगायला कोणी उरले नाही. सर्वनाशानंतरही सकाळ होते, भूक लागते, टोळ्या जमतात, हे ओतोमोंनी पानांवर जे दाखविले तेच या कृतीचे खरे बळ होते.

हिरोमु अराकावा यांच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट'विषयी (२००१–२०१०) येथे एवढेच नमूद करतो की, तिची पहिली मालिका २००३ साली आली, चालू कथेला मागे टाकून तिने स्वतंत्र शेवट केला, आणि २००९ साली मुळाला धरून दुसरी मालिका काढण्यात आली. 'नाउसिका'चा चित्रपट मात्र पुन्हा काढला गेला नाही. त्यामुळे दोन्ही शेवट आज शेजारी शेजारी उभे आहेत, आणि वाचकाला एकाच्या प्रकाशात दुसरा पाहावा लागतो.

चित्रपटाचे अखेरचे दृश्य या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. अरण्याच्या तळाशी, स्वच्छ वाळूवर, नाउसिकेची हरवलेली टोपी पडली आहे आणि तिच्या शेजारी एक हिरवा कोंब रुजला आहे. १९८४ साली चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला त्यात आशा दिसली असणार. सातवा खंड वाचून झालेल्याला ते चित्र तितकेच सुंदर दिसते. फक्त त्याला ठाऊक असते की, ज्या हवेत तो कोंब डोलतो आहे, त्या हवेत टोपीच्या मालकिणीला श्वास घेता येणार नाही.