प्याला आणि प्रवासवर्णन

दिवाळीच्या अंकात फराळाच्या ताटाशेजारी बिअरचा पेला कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो माझ्याही मनात आला होता. परंतु मला सांगायचे आहे ते एका हस्तलिखिताविषयी. जन्मभर जालन्यात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाकडे अशी हस्तलिखिते अधूनमधून येतच असतात. बहुतेकांना स्तुती हवी असते. या लेखकाने मात्र वहीवर चिठ्ठी लावली होती : "काका, परीक्षण कडक करा. पुतण्या म्हणून सूट नको."

हा माझा पुतण्या जर्मनीत नोकरीला आहे. त्याने बारा दिवसांची रजा काढून कोलोनपासून म्युनिकपर्यंत आगगाडीने प्रवास केला. मे २०२३ पासून त्या देशात महिन्याचे एक स्वस्त तिकीट निघाले, आरंभी ४९ युरोंचे. वेगवान गाड्यांना ते चालत नाही. पण गावोगाव थांबणाऱ्या साध्या गाड्यांतून देशभर कोठेही जाता येते. आपल्या पॅसेंजरसारख्या त्या गाड्यांतून तो हिंडला आणि प्रत्येक गावी तेथली बिअर चाखून त्याविषयी लिहिले. वहीचे नावही सरळच आहे : 'बिअरच्या गावाला'.

आता परीक्षकाने आधी स्वतःची साक्ष द्यावी, हे बरे. या मुलाचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, दारूने गेला. तेव्हा त्याचे वय बेचाळीस होते आणि हा मुलगा अकरा वर्षांचा. कुंडलिकेच्या काठच्या आमच्या जुन्या घरात त्या काळी रात्री कडी वाजली की सगळ्यांचे श्वास अडत. त्यामुळे वहीचे नाव वाचूनच मी ती कपाटात टाकली, ती दोन महिने काढली नाही. ही परीक्षकाची वागणूक नव्हे, हे मला कळत होते.

वही उघडली तेव्हा पहिला विचार आला तो आपल्या वाङ्मयाचा. मराठीत दारूविषयी जे मोठे लिहिले गेले ते रंगभूमीवर. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त (१९१३) शुक्राचार्यांसारखा ज्ञानी मद्यापुढे हरतो. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले. आणि सुधाकर, सिंधू व तळीराम हे आपल्या घरातलेच होऊन बसले. मी तर सिंधूला दळताना प्रत्यक्ष पाहिले आहे. फक्त तिचे नाव निराळे होते आणि जात्याऐवजी शिवणयंत्र होते. गडकऱ्यांनी अतिशयोक्ती केली असे ज्यांना वाटते त्यांच्या घरी ती कडी वाजलेली नसावी.

परंतु या थोर नाटकाचा एक परिणाम असा झाला, की आपल्या लेखनात पेला आला की त्याचा शेवट आधीच ठरून जातो. मी वाचलेल्या युरोपच्या प्रवासवर्णनांतले बरेचसे लेखक हा विषय निघाला की विनोद करून सुटतात; नाहीतर आपण मात्र फळांचा रस घेतला, अशी ग्वाही देतात. त्या पेल्यात काय होते, ते कुणी केले, त्याला वास कसला येत होता, हे कुणी सांगत नाही. त्या दृष्टीने ही वही नवी वाट चोखाळते, हे काका म्हणून कठीण गेले तरी मान्य केले पाहिजे.

उदाहरणार्थ, कोलोनचे प्रकरण पाहावे. तेथे बिअर दोनशे मिलिलिटरच्या उभट, बारीक ग्लासात देतात. ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुरे झाले, हे तोंडाने सांगायचे नसते. चकती उचलून ग्लासावर झाकण ठेवावी, की तो समजतो. बांबर्गचे प्रकरण त्याहून सरस आहे. तेथे मोड आणलेला जव बीचच्या लाकडाच्या जाळावर वाळवतात, म्हणून बिअरलाच धुराची चव येते. ती चव सांगताना लेखकाला आठवतो तो आमच्या शेतातला, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला ज्वारीचा हुरडा. ज्याने आयुष्यात बिअर हुंगलीही नाही, त्या माझ्यासारख्यालाही ती ओळ वाचून बांबर्गचा वास आला. प्रवासवर्णनाचे काम याहून दुसरे काय असते?

आता दोष. 'अप्रतिम' हा शब्द मी एकवीस वेळा मोजला. हुरड्याच्या ओळीत तो नाही आणि म्हणूनच ती ओळ जगली आहे. विशेषणाने चव सांगता येत नाही. ती वाचकाच्या जिभेवर आधीच असलेल्या चवीतून जागी करावी लागते.

दुसरा दोष विचाराचा आहे. बव्हेरियाच्या ड्यूकांनी १५१६ साली इंगोलश्टाट येथे काढलेला प्रसिद्ध हुकूम लेखकाने भक्तिभावाने सांगितला आहे : बिअरमध्ये जव, हॉपची फुले आणि पाणी, याखेरीज काही घालू नये. हे शुद्धतेचे सोवळे त्याला फार आवडले आहे. पण त्याच हुकुमात बिअरचे दरही बांधून दिले होते. आणि गहू व राय पावासाठी राहावेत, हाही त्या बंधनामागचा एक हेतू मानला जातो. म्हणजे आधी भाकरी, मग पेला. दुष्काळी मुलखातल्या मुलाने नेमके हेच पाहायला नको होते का?

तिसरा दोष याच्याच पोटातला. न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ ही जर्मनीतली पहिली वाफेची आगगाडी १८३५ साली धावली आणि पुढल्या वर्षी तिने वाहिलेला पहिला माल म्हणजे बिअरची दोन पिंपे, हे तो मजेने सांगतो. मजा मलाही वाटली. परंतु १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाच लाख लिटर पिण्याचे पाणी आगगाडीनेच आले होते. त्याच उन्हाळ्यात, आमच्या शेजारच्या तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बिअरच्या कारखान्यांना किती पाणी द्यावे, हा वाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला आणि न्यायालयाने त्या पाण्यात कपात केली. पिंपांची गाडी पाहणाऱ्या जालन्याच्या माणसाला पाण्याची गाडी आठवू नये, ही वहीतली मोठी उणीव होय.

याहून मोठी उणीव मला दुसऱ्या वाचनात दिसली. प्रत्येक दिवसाच्या शेवटी, समासात, लेखकाने एक आकडा टाकला आहे : २. कोलोनला २, लाइपझिगला २, बांबर्गला २. म्युनिकला, जिथे एकेक मग लिटरभराचा, तिथे १. तीन कुठेही नाही. कोलोनला दुसऱ्या ग्लासानंतर तो चकती झाकण ठेवतो, पण का, ते लिहीत नाही. साऱ्या वहीत वडिलांचा उल्लेख एकदाही नाही आणि ते त्या आकड्यातून प्रत्येक पानावर उभे आहेत. मी त्याला इतकेच लिहिले : "चिरंजीव, तुझ्या पुस्तकाचा विषय बिअर नाही. समासात जो मोजतो आहे त्याच्याविषयी लिही."

महिन्याने एक पान आले. येत्या वर्षी त्याला बेचाळिसावे लागते. बाबांना जे जमले नाही ते आपल्याला जमते का, हे घरापासून दूर, जेथे आई दाराशी बसलेली नाही अशा जागी त्याला पाहायचे होते. "रोज तिसरा ग्लास समोर यायचा, काका. रोज मी आधी त्याच्याकडे बघायचो आणि मग चकती ठेवायचो." असा प्रयोग कुणी करावा, असे मी म्हणणार नाही, तो मला आजही भीतिदायक वाटतो, आणि तसे मी त्याला स्पष्ट कळवले आहे.

त्या पानाचे परीक्षण मात्र मला करता आले नाही. चष्मा पुसून दोनदा वाचले आणि वहिनींना वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. पान घडी करून शिवणयंत्राच्या खणात ठेवले. मला त्याची नक्कल करून घ्यावी लागली.

परीक्षक म्हणून एकच सूचना उरली होती. हे पान उपसंहार म्हणून अखेरीस घालावे, असे लेखकाचे म्हणणे. मी कळवले आहे, की ते कोलोनच्या प्रकरणात घालावे, चकतीनंतर लगेच. पुढची सगळी गावे वाचकाने ते पान मनात ठेवूनच पाहावीत. आणि एकवीस 'अप्रतिम' तेवढे काढून टाकावेत.