‘आहे’ आणि ‘आढळला नाही’ : एचआयव्हीच्या मोजणीची मराठी

एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या रक्तातील किती पेशींत विषाणू ‘आहे’, हा प्रश्न वरवर केवळ गणिताचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर ‘आहे’ या क्रियापदाच्या अर्थावर अवलंबून असते. १९८६ साली विषाणूची आरएनए-प्रत तयार करीत असलेल्या पेशी मोजल्या गेल्या; त्या दहा हजारांत एकीहूनही कमी भरल्या. १९८९ साली पेशीच्या डीएनएत विषाणूचा शोध घेतला गेला, तेव्हा एड्सच्या रुग्णांत शंभर सीडी-४ पेशींमागे किमान एक बाधित आढळली. १९९७ साली उपचाराखालील रुग्णांच्या विश्रांत पेशींतून पुन्हा वाढू शकणारा विषाणू मोजला असता प्रमाण सुमारे दहा लाखांत एक निघाले. या तिन्ही वेळी रुग्ण व पेशी निरनिराळ्या होत्या, हे खरे. तथापि २०१३ साली एकाच रुग्णांचे नमुने अनेक पद्धतींनी तपासले, तेव्हाही पद्धतीपरत्वे शेकडो पटींची तफावत पडली. कारण डीएनएत सापडणारे बहुतेक विषाणू सदोष, म्हणजे पुन्हा वाढू न शकणारे असतात. एका मोजणीत ‘आहे’ म्हणजे ‘कार्यरत आहे’, दुसरीत ‘वसला आहे’, तिसरीत ‘उठू शकतो’.

नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या एआरटी केंद्रांत रुग्णाच्या हाती येणारे दोन आकडे यांहून वेगळे होत. सीडी-४ ही शिल्लक राहिलेल्या रक्षक पेशींची गणना. ‘व्हायरल लोड’ ही पेशींबाहेर, रक्तद्रवात असलेल्या विषाणूंची. बाधित पेशी यांपैकी कोणतीच मोजत नाही. व्यवहारात मात्र ‘पेशी’ हा एकच शब्द सर्वत्र चालतो. डेंग्यूत तर तो बिंबिकांनाही लावला जातो. ‘पेशी चांगल्या आहेत, मग गोळ्या कशाला?’ या तर्काचे मूळ या संदिग्धतेत आहे. २००४ साली राष्ट्रीय कार्यक्रमात उपचाराचा आरंभ मुख्यतः सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्यावर होई. २०१७ पासून आकडा कोणताही असला तरी उपचार दिला जातो. नियम बदलला, बोलणे मात्र बदलले नाही.

याहून गंभीर दोष ‘विषाणू आढळला नाही’ या वाक्यात आहे. ऐकणारा त्याचा अर्थ ‘विषाणू नाही’ असा करतो व गोळ्या सोडतो. मग बहुधा काही आठवड्यांतच विश्रांत पेशींतील विषाणू रक्तात परततो. उलट, याच वाक्यात दिलासाही आहे : नियमित उपचाराने मिलिलिटरमागे प्रती दोनशेच्या खाली टिकल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. ‘शोधमर्यादेखाली’ हा पारिभाषिक शब्द अचूक खरा, परंतु रुग्णास दुर्बोध. ‘रक्तात मोजता येणार नाही इतका कमी, पेशींत दबून आहे’ असे म्हटल्यास दोन्ही अर्थ सांभाळले जातात. वर पाते दिसत नाही म्हणून हराळी गेली, असे मराठवाड्यातील शेतकरी मानीत नाही. परिभाषा घडविणाऱ्यांनी ही जाण हाताशी घ्यावयास हवी. कारण येथे शब्द चुकला, तर गोळी चुकते.