हौसेचे मोल : एका पत्राचे वाचन

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. हौशी नाटकमंडळीत वावरलेल्या माणसाला मात्र हे खोटे असल्याचे ठाऊक असते. पडद्याचे भाडे कोणी भरायचे यावरून झालेली भांडणे नाटकापेक्षा अधिक रंगलेली आम्ही पाहिली आहेत. अशाच एका भांडणातले पत्र आज वाचावयाचे आहे. तारीख ३ फेब्रुवारी १९७६. लिहिणारा २० वर्षांचा बिल गेट्स. लिहिले आहे अमेरिकेतील समस्त संगणकहौशींना उद्देशून.

प्रसंग थोडक्यात असा. १९७५ साली आल्टेअर ८८०० हा घरी जोडून घेण्याचा संगणक निघाला आणि त्या वर्षीच्या ५ मार्चला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथील एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक भरली. यंत्राला काम सांगायला सोपी अशी ‘बेसिक’ भाषा त्यासाठी गेट्स, पॉल अ‍ॅलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी सिद्ध केली. ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर मिळे. पालो आल्टोतील एका प्रात्यक्षिकात अशी एक फीत कोणीतरी उचलली, तिच्या नकला निघाल्या, आणि क्लबात त्या प्रसादासारख्या वाटल्या गेल्या. नियम एवढाच, की एक न्यावी आणि पुढच्या खेपेला दोन आणाव्यात!

गेट्सचे पत्र जेमतेम पानभराचे. त्यातला हिशेब चोख आहे. वर्षभराचे श्रम, संगणकाच्या वापराची किंमत ४०,००० डॉलरांहून अधिक. आल्टेअरवाल्यांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलेली. तासाला मिळकत २ डॉलरही नाही. व्यावसायिक दर्जाचे काम फुकट करणे कोणाला परवडेल, हा त्याचा प्रश्न आजही खोडून काढता येत नाही. लेखकाला मानधन बुडाल्याचे दुःख निराळे समजावून सांगायला नको.

पण हिशेब संपतो न संपतो तोच पत्र घसरते. तुमच्यापैकी बहुतेकजण चोर आहात, असे तो सरळ लिहून टाकतो. आपल्याकडे वादाचे पत्रसुद्धा ‘सा. न. वि. वि.’ने सुरू होते, ते उगीच नव्हे; समोरचा माणूस निदान दुसरी ओळ वाचील, एवढी त्यात सोय असते. या पत्राचे वाचक कोण? ज्यांनी पैसे भरले तेही त्यांतच. त्यांनाही त्या शब्दाचा डाग लागला, आणि श्रमाचा मुद्दा बाजूला राहून माणसे शब्दावरच अडून बसली. आपल्या भावी गिऱ्हाइकांना चोर म्हणणे हा काही चांगला व्यापार नव्हे, असे एकाने उलट लिहिले. शिवाय ४०,००० डॉलरांचा आकडा मांडणारा गेट्स तो संगणक हार्वर्ड विद्यापीठाचा होता, हे सांगत नाही. उणे दाखवायला बसलेल्यांना अशी फट पुरते.

एप्रिलमध्ये त्याने दुसरे आणि शेवटचे पत्र लिहिले. सगळेच हौशी चोर नाहीत, बहुसंख्य प्रामाणिक आहेत, असे त्यात आहे. भाषा शहाणी, पण लोकांच्या लक्षात राहिले ते पहिलेच.

हौशी मंडळींची बाजू तरी निर्मळ होती काय? दुसऱ्याची वस्तू वाटून उदार होणे सोपे असते. त्यांच्यातल्या काहींनी मात्र हात चालवले. डेनिस अ‍ॅलिसनने पत्राआधीच, १९७५ मध्ये, ‘टायनी बेसिक’चा आराखडा छापून मोकळा केला होता. त्यावरून टॉम पिटमनने आपली बेसिक तयार केली आणि ५ डॉलरांना विकली; नक्कल करण्यापेक्षा विकत घेणे सोपे, इतकी स्वस्त. ली-चेन वांगची बेसिक १९७६ च्या मे महिन्यात ‘डॉ. डॉब्स जर्नल’मध्ये आली. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर आपण ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापतो ना? वांगने त्या जागी छापले, ‘सर्व अपराध स्वाधीन’.