‘होल्म’ या आडनावाचा शोध

ओले एडवर्ट रोल्वाग (१८७६–१९३१) याची ‘जायंट्स इन द अर्थ’ ही कादंबरी बहुधा माणूस आणि निसर्ग यांच्या झुंजीची कथा म्हणून वाचली जाते. मूळ नॉर्वेजियन भाषेत १९२४ व १९२५ साली दोन भागांत आणि १९२७ साली इंग्रजीत आलेल्या या कृतीचे ते वाचन चुकीचे नव्हे. परंतु तिच्यात एक लहानसा प्रसंग आहे, आणि स्थलांतरित पूर्वजांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाने तरी तो घाईने ओलांडू नये. डाकोटाच्या माळावर वसलेले नॉर्वेजियन शेतकरी कायमची आडनावे धारण करतात, तो हा प्रसंग. नायक पेर हान्सा ‘होल्म’ हे नाव घेतो. नाव सुटसुटीत आहे, इंग्रजी कानाला खुपणारे नाही. पुरुषांना त्यात काही वावगे दिसत नाही. बेरेट मात्र व्यथित होते. वाडवडिलांचे नाव आज टाकले, उद्या आणखी काय टाकले जाईल, ही तिची भीती होय.

ही भीती म्हणजे बेरेटच्या उदास मनाचा आणखी एक खेळ, असे समजण्याचा मोह होतो. नॉर्वेतील नामपद्धती पाहिली म्हणजे हा समज टिकत नाही. ‘हान्सा’ हे आडनावच नव्हे; त्याचा अर्थ हान्सचा मुलगा एवढाच. पेरची मुले पेरच्या नावाने ओळखली जावयाची. पितृनामापुढे शेतवाडीचे नाव येई. पण तेही कुळाचे नाव नसून राहण्याचा पत्ता असे. कुटुंब दुसऱ्या वाडीवर गेले की ते नाव बदले. पत्नीच्या वाडीवर राहावयास गेलेला पुरुष त्या वाडीच्या नावाने ओळखला जाई. आपल्याकडील ‘-कर’ प्रत्ययाची आडनावे येथे आठवतील, परंतु साम्य वरवरचे आहे. गाव सुटले तरी ‘-कर’ सुटत नाही. तेथे वाडी सुटली की नावही सुटे. कायम आडनावाची सक्ती नॉर्वेत १९२३च्या कायद्याने झाली.

आता कल्पना करावी की पेर हान्साचा एखादा पणतू आपले घराणे शोधू लागला आहे. त्याच्या हाती ‘होल्म’ एवढेच आहे. होल्म म्हणजे छोटे बेट, आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावर बेटांना तोटा नाही. त्या नावाच्या वाड्या त्याला हव्या तेवढ्या सापडतील, प्रत्येक वाडीवर एखादा पेडरही सापडेल, आणि परक्याच्या वंशवृक्षावर तो समाधानाने आपले नाव कोरील. असे वृक्ष पुष्कळ आहेत. नाव जुळते, माणूस जुळत नाही.

योग्य वाट उलट दिशेने जाते. प्रथम अमेरिकेतील नॉर्वेजियन लुथरन मंडळींच्या नोंदवह्या पाहाव्यात, कारण त्यांत पुष्कळदा जन्मस्थानाची नोंद मिळते. एकदा परगणा कळला की १८६५ची नॉर्वेजियन जनगणना घ्यावी. ती वाडीवार आहे. माणसांची नावे, वये व जन्माचा परगणा तर तिच्यात आहेतच, शिवाय गोठ्यात गुरे किती व पेरणी किती हेही आहे. मग बाप्तिस्म्याच्या नोंदींकडे वळावे. तेथे आईबापांइतकेच धर्मपित्यांकडे व धर्ममातांकडे लक्ष द्यावे, कारण ते बहुधा नातलग वा शेजारी असत आणि दोन पेडर हान्सेनांतून आपला कोणता हे पुष्कळदा तेच सांगतात. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ही साधने आज संगणकावर सर्वांस खुली केली आहेत. त्यामुळे शोध सोपा झाला, आणि चूकही तितकीच सोपी झाली.

बेरेटचे म्हणणे या प्रकाशात वाचले म्हणजे ती भावविवश नसून नेमके बोलते असे दिसते. ‘हान्सा’ या शब्दात एक माहिती होती. ‘होल्म’ स्वीकारताच बापाकडे जाणारी ती खूण पुसली गेली. रोल्वागला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्याचे स्वतःचे आडनाव डन्ना बेटावरील त्याच्या जन्मवस्तीचे नाव आहे. मग त्याने ही जाण एका ढळू लागलेल्या मनाच्या स्वाधीन का केली? कादंबरीचे हे एक वैगुण्य मानावे लागेल. बेरेटचा आजार इतक्या ताकदीने रंगविला आहे की तिचे शहाणपणही वाचक आजाराच्या खात्यावर मांडतो. पुढील दोन खंडांत (१९२८ व १९३१) तिचा मुलगा पेडर इंग्रजीकडे ओढला जातो व आयरिश कॅथलिक मुलीशी लग्न करतो, तेव्हा तिची भीती खरी ठरते. पण तोवर आडनावाचा प्रसंग वाचकाच्या स्मरणात उरलेला नसतो.

बेरेटच्या घरात पूर्वजांचा एकच लेख आहे. तो कागद नव्हे, पेटी आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्या जड पेटीवर सतराव्या शतकातील साल कोरलेले आहे. प्रसूतीत आपण जगणार नाही अशी खात्री झाल्यावर बेरेट आपल्याला त्याच पेटीत पुरावे अशी मागणी करते.