‘कायच्यावर’ आणि ‘काहून’

पीएच.डी.ला नाव घालायचं ठरवलं, त्या उन्हाळ्यात आईने दोन प्रश्न विचारले. पहिला होता, ‘कायच्यावर करून राह्यली?’ त्याचं उत्तर तयार होतं. दीड ओळीचं शीर्षक मी पाठच केलं होतं. दुसरा होता, ‘पन काहून?’ त्यावर मी हसले आणि ताट उचलून आत गेले. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, काहून म्हणजे का, कशासाठी. आमच्याकडे हा शब्द विचारणाऱ्याच्या कपाळावरच्या आठीसकट येतो.

आईला टोमणा मारायचा नव्हता. एवढं शिकून झाल्यावर पोरीला अजून काय शोधायचं राहिलंय, हे तिला खरंच कळत नव्हतं. आणि मला सांगता आलं नाही, कारण विद्यापीठासाठी जो कागद मी लिहिला होता त्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. त्या कागदाला संशोधन आराखडा म्हणतात, पण बोलताना सगळे सिनॉप्सिसच म्हणतात.

पुढे मित्रमैत्रिणींचे सिनॉप्सिस वाचायची मला सवय लागली. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, खाली ‘एकदा नजर मार ना’. शोधगंगेवर मोबाइलमध्येच प्रबंध उघडून त्यांची पहिली प्रकरणंही वाचत गेले. आपण कादंबऱ्यांची, कवितासंग्रहांची समीक्षा करतो. मराठी विभागांमधून दर वर्षी नेमाने लिहिला जाणारा हा गद्यप्रकार मात्र कुणी समीक्षेला घेत नाही. तो एकदा घेऊन बघू.

सुरुवात शीर्षकापासून. ‘अमुक यांचे साहित्य : एक चिकित्सक अभ्यास’. चिकित्सकच्या जागी विश्लेषणात्मक, समीक्षात्मक, तौलनिक यांतलं काहीही चालतं. भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं. या शीर्षकात लेखकाचं नाव असतं, प्रकार असतो, कधी कालखंड असतो. क्रियापद नसतं. क्रियापद नाही म्हणजे कुणी काही करत नाही, कुणाला काही खुपत नाही. शीर्षक हे आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. कायच्यावर, तर याच्यावर.

मग प्रस्तावना, विषय निवडण्यामागची भूमिका, उद्दिष्टे. ही पटकन ओलांडू, कारण मजा पुढच्या मथळ्यात आहे, ‘गृहीतके’. इथे साधारण असं वाक्य येतं: ‘सदर कवीच्या कवितेतून ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण झालेले असावे.’ हे वाक्य मी मुद्दाम बनवलं आहे, पण तुम्ही मराठीत एम.ए. केलं असेल तर ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. त्यातलं ‘असावे’ बघा. दिसायला शंका आहे, पण खोटं ठरायची सोय त्यात ठेवलेलीच नाही. ग्रामीण कवीच्या कवितेत गाव नसेल तर काय असेल? आणि समजा उद्या वाचून असं दिसलं, की या कवीचं गाव वास्तवातलं नाहीच, ते शहरात बसून आठवलेलं, थोडं गोड केलेलं गाव आहे, तर? तो खरा शोध ठरेल. पण मग गृहीतक चुकलं, आणि चुकलेलं गृहीतक घेऊन व्हायव्हाला जायची हिंमत माझ्या ओळखीत तरी कुणी केलेली नाही. त्यामुळे गृहीतक असं लिहायचं की ते पहिल्या दिवशीच सिद्ध झालेलं असेल. पुढची सगळी वर्षं उदाहरणं गोळा करायची.

शेवटी ‘व्याप्ती व मर्यादा’. मर्यादा काय, तर वेळेची आणि पैशाची. ‘मला अमुक ठाऊक नाही’, ‘ही बोली मला नीट येत नाही’, असली मर्यादा त्या मथळ्याखाली मी वाचलेली नाही. माझ्याही सिनॉप्सिसमध्ये नव्हती.

पोरं आळशी आहेत म्हणून असं लिहितात, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. नियमांकडे बघा. यूजीसीने नोव्हेंबर २०२२मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत, वर किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क. प्रोफेसर ८ विद्यार्थी घेऊ शकतो, असोसिएट ६, असिस्टंट ४. म्हणजे गाइड मिळणं हीच पहिली लढाई, आणि मिळालेल्या गाइडला आवडेल तो विषय ही तिची किंमत. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीवर ज्याचं घर चालतं, त्याला समितीकडून परत आलेला सिनॉप्सिस म्हणजे बुडालेले महिने. अशा माणसाने सुरक्षित शीर्षक धरलं तर तो शहाणा आहे. (आमच्याकडे अमरावती–अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम केला गेला. त्या रस्त्याने जाता-येता समितीच्या पुढच्या तारखेची वाट बघण्यात वेगळीच गंमत आहे.)

डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, पीएच.डी. करून पोरं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल विधान परिषदेत झाला. सगळीकडून संताप उसळला, माझाही. प्रश्नातला तुच्छपणा चीड आणणाराच होता. पण राग ओसरल्यावर मी माझा सिनॉप्सिस पुन्हा उघडला. त्या सवालाला द्यायला त्यात एकही ओळ सापडली नाही. ‘काहून’ हा प्रश्न आईनेही विचारला होता आणि सत्तेनेही. आईने मायेने, सत्तेने हिणवून. दोघांनाही मी सारखीच निरुत्तर होते, आणि ते मला जास्त लागलं.

माझी एक मैत्रीण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात होती. तिचा प्रयोग कपाशीवर. तिने एकदा प्रबंधातलं कोष्टक दाखवलं. दोन रकान्यांच्या तळाशी ‘एनएस’ लिहिलेलं, नॉन-सिग्निफिकंट. म्हणजे वेगवेगळ्या प्लॉटना वेगवेगळं खत दिलं, पण बोंडांच्या संख्येत म्हणावा तसा फरक पडला नाही. मी विचारलं, मग हे छापलं कशाला? ती म्हणाली, ‘फरक पडला नाही हेच तर कळलं.’ बाजूला कंट्रोलचा प्लॉट होता, ज्याला काहीच दिलेलं नव्हतं. बाकीच्यांची तुलना त्याच्याशी.

साहित्याच्या अभ्यासाला शेतीची पद्धत जशीच्या तशी लावावी असं मी म्हणत नाही. कवितेचे प्लॉट पाडता येत नाहीत. शिवाय तिच्याकडेही ठरीव वाक्यांचा सुकाळ होताच. पण ‘एनएस’ ही दोन अक्षरं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. मराठीच्या प्रबंधात त्यांना जागा कुठे आहे? आमच्याकडे प्रत्येक लेखक ‘महत्त्वपूर्ण योगदान’ देऊनच निघतो.

आता थोडं मागे जाऊ, सातशे वर्षं. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांचे अनुयायी इथे गोविंदप्रभूंच्या आसऱ्याला राहिले, आणि म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा करायला सुरुवात केली. लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ, हे शाळेत पाठ केलेलं असतं; परीक्षेत एका गुणाला येतं. तो कसा तयार झाला हे मात्र कुणी सांगत नाही. ज्यांनी प्रसंग पाहिला किंवा ऐकला त्यांच्याकडे म्हाइंभट गेले. विचारलं, टिपलं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. पुढे परंपरेनुसार मूळ प्रत परचक्रात हरवली आणि शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्यात हिराइसा या बाईंच्या पाठाला मान आहे. आणि जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे एक पुसून दुसरी ठेवली असं झालं नाही. पोथ्यांमध्ये पाठभेद ‘वासना’ म्हणून नोंदवलेले दिसतात. इथे वासना म्हणजे इच्छा नाही, आठवणीची दुसरी वाट.

म्हाइंभट तटस्थ संशोधक नव्हते. ते भक्त होते, स्वामींचं मोठेपण त्यांना सिद्ध करायचं नव्हतं कारण ते त्यांना मान्यच होतं. तरीही त्या परंपरेने ‘हे असंही सांगतात’ एवढं लिहून ठेवलं. ज्याला श्रद्धा आहे त्यालाही चुकीची भीती वाटते, आणि ती भीती तो कागदावर ठेवतो. आमच्या ‘मर्यादा’ या मथळ्याखाली यायला हवी होती ती हीच.

विष्णु भिकाजी कोलते हे बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे. महानुभाव मठांतल्या पोथ्यांवर त्यांनी आयुष्य घातलं, आणि त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापलं. दूर अमेरिकेत ॲन फेल्डहाउस यांनी महानुभावांच्या सूत्रपाठावर काम केलं, रिद्धपूरलीळेचं इंग्रजी भाषांतर केलं. तिकडच्या एका मुलीला आपल्या जिल्ह्यातलं हे गाव का खुणावलं असेल, आणि तासाभरावर राहून मी तिथे पहिल्यांदा पंचविसाव्या वर्षी का गेले, या दोन ‘काहून’चा एकमेकांशी संबंध असावा.

ज्यांच्या नावाने अकोल्याचं विद्यापीठ आहे त्या पंजाबरावांचंही बघा. पापळचा शेतकऱ्याचा मुलगा विलायतेत गेला आणि डॉक्टरेटसाठी विषय घेतला वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. ते पुस्तक १९३३ मध्ये ऑक्सफर्डने छापलं. त्या शीर्षकातही क्रियापद नाही, हे मान्य. पण ‘उगम’ या शब्दातच प्रश्न आहे: हे कुठून आलं, कसं बदलत गेलं? जे सनातन म्हणून सांगितलं जातं त्याला जन्म आणि वाढ असते, असं धरूनच तो शब्द लिहावा लागतो. आणि त्या काळात वेदांवर बोलण्याचा हक्क कुणाचा समजला जाई हे आठवलं, की त्या विषयाची धार कळते. परतल्यावर अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या लढ्यात ते उतरले. प्रबंध आणि तो लढा यांना मी धाग्याने बांधणार नाही, पण दोन्हींकडे एकच माणूस गेला होता.

उंबेर्तो एको यांनी प्रबंध कसा लिहावा यावर १९७७ मध्ये एक पुस्तक लिहिलं, नोकरी सांभाळून, हाताशी मोठं ग्रंथालय नसताना शिकणाऱ्या पोरांना डोळ्यांसमोर ठेवून. ते सांगतात, शीर्षक आणि अनुक्रमणिका अगदी आधी लिहा. पण ती बदलणार आहे हे धरूनच लिहा. आमच्याकडे शीर्षक बदलायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा समिती. एकोंसाठी आराखडा म्हणजे अंदाज होता, आमच्यासाठी तो स्टँपपेपरवरचा करार झालाय.

मी हल्ली मैत्रिणींच्या पीडीएफवर एकच शेरा मारते. शीर्षक राहू दे तसंच, समितीला ते लागतं. पण गृहीतकांच्या वर एक ओळ प्रश्नचिन्हासकट लिही. उद्धव शेळक्यांच्या कादंबऱ्यांतलं स्त्रीचित्रण करतेयस ना? मग ‘धग’ उघड आणि बघ, कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी आणि निवेदकाची मराठी यांच्यात अंतर कुठे आहे, कुठे मिटतं, आणि ते मिटतं तेव्हा कौतिकचं काय होत असतं? याचं उत्तर मला माहीत नाही. तुलाही नसेल. कदाचित ‘एनएस’ निघेल.

एकीने ती ओळ खरंच घातली. समितीत तिला ती काढायला सांगितली, ‘आराखड्यात प्रश्न नको, विधान हवं’ म्हणून. तिने काढली आणि नोंदणी झाली. आता ती ओळ तिच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, आणि सिनॉप्सिसपेक्षा जास्त वेळा तिथेच नजर जाते असं ती म्हणते.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. तिथेही सिनॉप्सिस लिहिले जातील, म्हाइंभटांच्याच गावात बसून. कुणी लिहीत असाल तर पीडीएफ पाठवा. मला वाचायचाय.