‘दहा दिवस’ आणि त्यांमागील खेडे : जॉन रीडच्या ग्रंथाची एक मर्यादा

१९१७ च्या रशियन क्रांतीविषयी जगात जी सर्वसामान्य कल्पना रूढ झाली, तिला आकार देणाऱ्या ग्रंथांत जॉन रीड या अमेरिकन पत्रकाराच्या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. ‘जग हादरवून सोडणारे दहा दिवस’ अशा अर्थाचे शीर्षक धारण करणारा हा ग्रंथ १९१९ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला. लेनिनची छोटीशी प्रस्तावनाही त्यास लाभली. पुढे स्टालिनच्या राजवटीत, त्यात स्टालिनचा उल्लेख जेमतेम असल्यामुळे, तो खुद्द रशियात दुर्मिळ झाला, हेही त्याच्या प्रामाणिकपणाचे एक गमक मानावयास हरकत नाही. त्याच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेदास फारशी जागा नाही. मात्र क्रांतीची कारणमीमांसा त्यातून कितपत हाती लागते, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाही.

रीड पेट्रोग्राड येथे आला तो १९१७ च्या सप्टेंबरात. त्याचे रशियन भाषेचे ज्ञान बेताचेच होते. या उणिवेतूनच ग्रंथाचे सामर्थ्य निर्माण झाले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. भिंतींवरील जाहीरनामे, हस्तपत्रके, वृत्तपत्रांचे उतारे, सभांतील भाषणे ही सारी सामग्री त्याने अधाशीपणाने गोळा केली आणि ग्रंथात जशीच्या तशी ओतली. सरदारकन्यांची शाळा असलेल्या स्मोल्नी प्रासादात चिखलाच्या बुटांनी वावरणारे सैनिक आणि तेथील अहोरात्र चाललेला वादविवाद वाचताना, शतकानुशतके मुका ठेवलेला समाज एकाएकी बोलू लागला म्हणजे काय होते, याचा प्रत्यय येतो.

शब्दांविषयी रीड जागरूक आहे. परक्या वाचकासाठी त्याने प्रारंभीच पक्षांची व संस्थांची नावे उलगडून सांगितली आहेत. ‘सोव्हिएत’ हा मुळात सल्ला, मंडळ अशा अर्थाचा साधा सामान्यनाम शब्द. मराठीने तो भाषांतर न करता जसाच्या तसा घेतला. ‘पंचायत’ किंवा ‘सभा’ म्हटले असते तर त्या शब्दाभोवतीचे गूढ बरेच कमी झाले असते! ‘बोल्शेविक’ म्हणजे बहुमतवाले; हे नाव १९०३ च्या पक्ष-अधिवेशनातील एका मतदानावरून पडले. परंतु १९१७ च्या नोव्हेंबरात संविधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा या बहुमतवाल्यांना एकंदर मतांपैकी चतुर्थांशाच्या आसपास मते मिळाली, आणि सर्वांत अधिक मते शेतकऱ्यांत मुळे रुजलेल्या समाजवादी-क्रांतिकारी पक्षाकडे गेली. त्या निवडणुकीचे निकाल ग्रंथाच्या कथनाबाहेर राहतात.

येथेच मूळ मुद्द्याशी येऊन पोहोचावे लागते. रशियाची बहुसंख्य प्रजा खेड्यांत राहत होती. १८६१ मध्ये भूदासांना मुक्ती मिळाली. परंतु वाट्यास आलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते त्यांच्या मानेवर १९०७ पर्यंत राहिले. १९१४ च्या युद्धाने याच शेतकऱ्यांना लक्षावधींच्या संख्येने गणवेश चढविला. फेब्रुवारी क्रांतीची ठिणगी पेट्रोग्राडच्या पावाच्या रांगांत पडली हे खरे. पण राजाज्ञा झुगारून देणारे शिपाई खेड्यातलेच होते. हंगामी सरकारने जमिनीचा प्रश्न संविधानसभेवर ढकलला, तर उन्हाळ्यापासून शेतकऱ्यांनी जमीनदारांची शेते आपल्या हाताने ताब्यात घेण्यास आरंभ केला. ८ नोव्हेंबरचा भूमिविषयक हुकूम हा बव्हंशी या घडून चाललेल्या गोष्टीवर उमटविलेला शिक्का होता. त्यास जोडलेला मसुदा गावोगावच्या २४२ मागणीपत्रांवरून तयार झालेला होता आणि तो बोल्शेविकांचा कार्यक्रम नव्हता.

रीडने हा हुकूम ग्रंथात दिला आहे. शेवटचे प्रकरण तर शेतकऱ्यांच्या परिषदेवरच आहे. तेव्हा त्याला शेतकरी दिसलाच नाही, असा आक्षेप अन्यायाचा होईल. आक्षेप एवढाच, की खेडे या ग्रंथात येते ते प्रतिनिधीच्या रूपाने, राजधानीच्या सभागृहात दाढी कुरवाळीत बसलेले. कारण राहिले गावी, आणि कार्य तेवढे पेट्रोग्राडमध्ये दिसले. ‘दहा दिवस’ या शीर्षकाने तर अर्धशतकाची कारणपरंपरा दृष्टीआड केली. कामगार आणि शेतकरी हे भिन्न कप्पे नव्हेत, हे रत्नागिरीच्या शेतावर एक पाय ठेवून असलेला मुंबईचा गिरणीकामगार ज्यांना ठाऊक आहे, अशा वाचकांस वेगळे सांगावयास नको. टिळकांच्या शिक्षेनंतर १९०८ मध्ये याच कामगारांनी केलेल्या संपाची दखल लेनिनने त्या वर्षीच घेतली होती.

राजधानी हस्तगत केली की क्रांती झाली, ही समजूत एकट्या रीडने निर्माण केली असे नाही. त्याच्या ग्रंथाने तिला केवळ सर्वांत देखणे रूप दिले. तिचे परिणाम मात्र विदारक झाले. १९१९ च्या मार्चमध्ये हंगेरीत बेला कुनचे सोव्हिएत सरकार आले. त्याने मोठ्या जमीनदाऱ्या शेतकऱ्यांत न वाटता सामुदायिक शेतीसाठी अखंड ठेवल्या. खेडी दुरावली आणि परकीय सैन्य आत शिरले तेव्हा, १३३ दिवसांनी, ते सरकार कोसळले. १९२७ च्या डिसेंबरात चीनमधील कँटन शहरात झालेला उठाव तर तीन दिवसांत रक्तात बुडविला गेला. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये माओने हुनान प्रांतातील शेतकरी-चळवळीवर आपला अहवाल लिहिला होता. १९४९ मध्ये चीनची शहरे जिंकली गेली, ती खेड्यांच्या बाजूने. रशियन क्रांतीचा आशियावरील खोल परिणाम शोधावयाचा तो या दिशेने. लढाऊ जहाजाच्या तोफेच्या आवाजात तो सापडणार नाही.

स्वतः रीडची दृष्टी या दिशेने वळत होती काय? १९२० च्या सप्टेंबरात बाकू येथे पौर्वात्य जनतेची परिषद भरली, तीस तो उपस्थित होता. तेथून परतल्यावर पुढच्याच महिन्यात मॉस्को येथे विषमज्वरासारख्या टायफस रोगाने त्याचा अंत झाला. ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहापर्यंतची हकीकत सांगणारा दुसरा ग्रंथ त्याने योजिला होता. तो पूर्ण झाला नाही.